मनोरुग्णालयांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालयांवर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी इतर वाचकांनाही उपयोगी पडतील अशी सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या लहानपणी कोणी विचित्र वागले की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे म्हणत. पुण्याकडचे लोक येरवड्याचे नाव घेत. राज्यात अशी चार रुग्णालये आहेत, असे आपण लिहिले होते. ती याच चार गावी का झाली? आणि येरवड्याचे रुग्णालय तुरुंगाच्या शेजारी का आहे?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : ही चार रुग्णालये आजच्या महाराष्ट्राचा विचार करून कोणी आखलेली नाहीत, हे आधी सांगायला हवे. नागपूरचे रुग्णालय १८६४ चे, म्हणजे नागपूर मध्य प्रांतात होते तेव्हाचे. रत्नागिरीचे १८८६ चे आणि ठाण्याचे १९०१ चे. ठाण्याच्या रुग्णालयाला नरोत्तमदास माधवदास यांचे नाव होते, आणि जुन्या ठाणेकरांना ते नौपाड्याचे इस्पितळ म्हणूनच ठाऊक होते. ही दोन्ही मुंबई इलाख्यातली. याच इलाख्यात अहमदाबाद, धारवाड आणि सिंधमधील हैदराबाद येथेही अशी इस्पितळे होती. राज्यांच्या सीमा बदलल्या तशी ती गुजरात, कर्नाटक आणि पाकिस्तानात गेली, आणि विदर्भ आपल्याकडे आल्यामुळे नागपूरचे आपल्या वाट्याला आले. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने या यादीत तिकडचे एकही नाव नाही. ही उणीव इतक्या वर्षांनंतर भरून निघण्याच्या मार्गावर आहे, कारण जालन्याला नवे प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास राज्य शासनाने मान्यता दिली आहे.

येरवड्याची कथा थोडी वेगळी आहे. मुंबई शहरातील रुग्णांसाठी कुलाब्याला १८२६ पासून एक इस्पितळ होते. शहर वाढत गेले तशी ती जागा अपुरी पडू लागली, आणि १९१५ च्या सुमारास येरवड्याचे मोठे रुग्णालय सुरू झाल्यावर कुलाब्याचे रुग्ण तिकडे हलवण्यात आले. आज मंजूर खाटांच्या हिशेबाने येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५, अशा एकूण ५,६९५ खाटा या चार ठिकाणी आहेत.

तुरुंगाच्या शेजाराविषयी. येरवड्याचा तुरुंग आधीचा, १८७१ चा. शहराबाहेर, नदीपलीकडे ऐसपैस जागा हवी ही दोन्ही संस्थांची गरज सारखीच होती. पण केवळ जागेचे कारण सांगून थांबणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. या इस्पितळांचा पाया ज्या कायद्यावर उभा राहिला तो १८५८ चा, म्हणजे कंपनीचा कारभार राणीकडे गेला त्याच वर्षीचा. भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या माणसाला पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे आणावे आणि दंडाधिकाऱ्याने डॉक्टरची साक्ष घेऊन त्याला इस्पितळात धाडावे, अशी त्या कायद्याची रीत होती. आत जाण्याचा मार्ग पोलीस चौकी आणि कचेरीतून जात असल्यामुळे लोकांच्या मनात तुरुंग आणि मनोरुग्णालय एकमेकांना चिकटले. १९१२ च्या कायद्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, स्वेच्छेने दाखल होण्याची सोयही झाली, परंतु दंडाधिकाऱ्याच्या आदेशाची चौकट कायम राहिली. १९२० च्या दशकात देशभर ‘वेड्यांचे इस्पितळ’ हे सरकारी नाव जाऊन ‘मनोरुग्णालय’ या अर्थाचे नाव आले. पाटी बदलली, तरी भिंतीची उंची आणि दाखल होण्याची रीत बदलायला आणखी कित्येक दशके लागली.

प्रश्न : माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ १९३० नंतरच्या काही वर्षांत येरवड्याला होते आणि तिथेच वारले. घरात त्यांच्याविषयी कोणी बोलत नसे. इस्पितळाच्या कागदावर आजाराचे कारण ‘गांजा’ असे लिहिले होते, असे वडील सांगत, पण आमच्या घरात गांजा ओढणारे कोणी नव्हते. तेव्हा औषधे नव्हती, मग तिथे नेमके काय करत असत? त्यांना साखळीने बांधले असेल का?
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : आपल्या चुलत आजोबांचे व्यक्तिशः काय झाले, हे त्यांच्या कागदपत्रांवरूनच कळेल. त्या काळातील अशा रुग्णालयांत काय चालत असे, ते मात्र बऱ्याच खात्रीने सांगता येते.

आधी गांजाविषयी, कारण तो उल्लेख आपल्या घराला फार वर्षे टोचत राहिलेला दिसतो. रुग्णासोबत पोलिसांकडून येणाऱ्या तक्त्यात ‘आजाराचे कारण’ असा एक रकाना असे. माणूस अनोळखी, सोबत घरचे कोणी नाही, विचारपूस करायला वेळ नाही, आणि रकाना तर भरायचाच. अशा वेळी ‘गांजा’ हे सोयीचे उत्तर होते. गांजा, भांग आणि चरस यांच्या परिणामांची चौकशी करण्यासाठी १८९३-९४ मध्ये सरकारने एक आयोग नेमला होता. त्या आयोगाने १८९२ या एका वर्षात देशातील इस्पितळांनी गांजाच्या नावावर टाकलेले रुग्ण एकेक करून तपासले, नातेवाइकांकडे चौकशी केली, आणि त्यांतील निम्म्याहून कमी प्रकरणांतच गांजाचा काही संबंध मानता येईल, असा निष्कर्ष काढला. आपले आजोबा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी दाखल झाले असले, तरी रकाना भरण्याच्या सवयी लवकर सुटत नाहीत. त्या एका शब्दावरून त्यांच्याविषयी मत बनवू नये, असे मी आवर्जून सांगेन.

उपचारांकडे वळू. आजार मुळापासून आवरणारे औषध तेव्हा नव्हते, हे खरे आहे. शांत करणारी औषधे होती : ब्रोमाइड, क्लोरल हायड्रेट, पॅराल्डिहाइड. पॅराल्डिहाइड घेतलेल्या रुग्णाच्या श्वासाला उग्र दर्प येत असे, कारण ते औषध थोडेफार श्वासावाटेच बाहेर पडते. ज्या कक्षात ते रोज द्यावे लागे, त्या कक्षाला तोच वास धरून राही. सिफिलिस मेंदूपर्यंत पोहोचून वेड लागलेल्या रुग्णांना मुद्दाम हिवताप लावून ताप चढवण्याची पद्धत व्हिएन्नाच्या वागनर-याउरेग यांनी शोधली आणि १९२७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. पेनिसिलीन येईपर्यंत त्या रोगाला दुसरा फारसा प्रभावी इलाज नव्हता. पुढे इन्सुलिन देऊन बेशुद्ध करणे, औषधाने झटका आणणे, आणि १९३८ मध्ये रोममध्ये पहिल्यांदा वापरलेली विजेची पद्धत, हे सारे एकामागोमाग आले आणि हळूहळू आपल्याकडेही पोहोचले.

दिवसाचा मोठा भाग मात्र कामात जाई. बागकाम, भाजीचे वाफे, विणकाम, सुतारकाम. यामागे एक चांगला विचार होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये पिनेल यांनी आणि इंग्लंडमध्ये यॉर्क येथे ट्यूक कुटुंबाने, साखळ्यांऐवजी मोकळी हवा, नियमित काम आणि सौजन्याची वागणूक दिली की रुग्ण सुधारतो, हे दाखवून दिले होते. आपल्या जुन्या मनोरुग्णालयांची विस्तीर्ण आवारे त्याच विचारातून आली आहेत. अडचण अशी, की रुग्णांचे काम हळूहळू संस्थेच्या खर्चाची सोय होऊन बसले, आणि जो चांगले काम करतो त्याला घरी पाठवण्याची निकड कोणाला वाटेनाशी झाली.

बांधून ठेवणे, एकांतात कोंडणे, उवा होतात म्हणून सरसकट केस भादरणे, सगळ्यांना एकसारखे कपडे घालणे, हे सारे होत होते. हे सांगताना मला वाईट वाटते, पण आपल्यापासून लपवणे बरे नाही. या रुग्णालयांतले मृत्यू बहुतेक वेळा मनाच्या आजाराने नव्हे, तर हगवण आणि क्षय यांनी होत, कारण गर्दी फार होती. १९४६ मध्ये देशातील आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा सुमारे ४० कोटी लोकसंख्येच्या या देशात मनोरुग्णालयांतील खाटा १० हजारांच्या आसपासच होत्या.

खरा बदल १९५२ नंतर झाला. फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांवर वापरले गेले आणि त्याच दशकात ते भारतात आले. वर्षानुवर्षे कोपऱ्यात बसून राहिलेले रुग्ण बोलू लागले, जेवणाच्या रांगेत स्वतःहून उभे राहू लागले, घरचा पत्ता सांगू लागले. आपले आजोबा थोड्या वर्षांनी चुकले. त्यात त्यांचा दोष नव्हता आणि त्यांना तिथे नेणाऱ्यांचाही नव्हता. घरच्या पूजेत पितरांची नावे घेताना त्यांचेही नाव घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझा भाऊ ३४ वर्षांचा आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. वडील गेले, आई ७० वर्षांची आहे आणि मी सासरी असते. औषध बंद केले की तो आईच्या अंगावर धावून जातो. त्याला सरकारी मनोरुग्णालयात कायमचे दाखल करता येईल का? न्यायाधीशाचा आदेश लागतो, असे शेजारी म्हणतात. खरे काय आहे, ते कृपया सांगावे.
– एक बहीण, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला ‘कायमचे’ हा शब्द थकव्यातून आला आहे, हे मला कळते. पण कोणालाही कायमचे दाखल करून घेण्याची तरतूद आजच्या कायद्यात नाही. ती नसणे तुमच्या भावाच्या हिताचे आहे, आणि नीट वापर केला तर तुमच्या आईच्याही.

सध्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ लागू आहे. न्यायाधीशाच्या आदेशाचा नियम आधीच्या कायद्यांतला. साध्या प्रवेशासाठी आता त्याची गरज नाही. दोन मार्ग आहेत. तुमचा भाऊ स्वतः तयार असेल, तर तो स्वतंत्र रुग्ण म्हणून दाखल होऊ शकतो आणि त्याला हवे तेव्हा घरी जाण्याची मागणी करू शकतो. तपासणीची गरज वाटली तर डॉक्टर त्याला जास्तीत जास्त २४ तास थांबवू शकतात. आजार वाढल्यावर तो तयार होत नसेल, तेव्हा दुसरा मार्ग येतो. त्यात त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो. त्याने आधी कोणाला नेमले नसेल, तर आई किंवा तुम्ही नातेवाईक म्हणून ही जबाबदारी घेऊ शकता. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा तज्ज्ञ किंवा डॉक्टर, असे दोघे त्याला वेगवेगळे तपासतात. त्याने नुकतेच स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला आहे का, दुसऱ्याच्या अंगावर जातो का, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीतच नाही का, हे ते पाहतात. यांतले काही आढळले आणि दुसरा सौम्य मार्ग उरला नसेल, तर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्याची माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावी लागते. ३० दिवसांपुढे ठेवायचे असेल तर दोन मानसोपचारतज्ज्ञांनी पुन्हा तपासणी करायची आणि मंडळाची परवानगी घ्यायची. तुमचा भाऊ स्वतःही मंडळाकडे दाद मागू शकतो. प्रसंग अगदीच तातडीचा असेल तर जवळच्या कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करता येतात. म्हणजे रात्री-अपरात्री भावाला थेट मनोरुग्णालयापर्यंत नेण्याची धडपड करावी लागत नाही.

आता व्यवहाराचे सांगते. सरकारी मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करताना जे रोज पाहिले, त्यावर हे आधारलेले आहे. जाताना भावाचे आधार कार्ड, आधीचे केसपेपर, आणि कोणते औषध कधी सुरू झाले व कधी बंद पडले याची एका कागदावर लिहिलेली यादी न्या. घरातल्या दोन माणसांचे फोन नंबर आणि पूर्ण पत्ता द्या. आईचा एकच नंबर देऊ नका. तो बंद लागला की रुग्णालयाचा घराशी असलेला धागा तुटतो. दाखल केल्यावर समाजसेवा विभागात जाऊन बसा आणि घरची परिस्थिती मोकळेपणाने सांगा. डॉक्टरांना सांगायला लाज वाटते त्या गोष्टी तिथे सांगता येतात. भेटीच्या दिवशी जमेल तसे कोणीतरी जात राहा. भेटायला माणूस येतो त्या रुग्णाला घरी जायचे आहे हे साऱ्यांच्या लक्षात राहते, त्याच्याही.

घरी आणताना नियोजन करून देणे हे रुग्णालयाचे कायदेशीर कर्तव्य आहे, ते मागून घ्या. गोळी रोज घेणे अवघड जात असेल तर काही आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शने मिळतात का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. तुमच्या वर्णनावरून तुमचा प्रश्न आजारापेक्षा औषध सुटण्याचा अधिक दिसतो, आणि त्यावर इलाज आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र काढून घ्या. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यातील आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) यांसारख्या संस्था कुटुंबीयांसाठी काम करतात. ज्या घरात हाच आजार आहे अशा माणसांशी बोलून तुमच्या आईला जो आधार मिळेल, तो मी पत्रातून देऊ शकणार नाही. आणि तोवर रात्री काही विचारावेसे वाटले, तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

प्रश्न : या रुग्णालयांत अजून शॉक देतात का? आणि माणसाला बांधून ठेवतात का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, अकोला

उत्तर : विजेच्या झटक्याची उपचारपद्धती आजही वापरली जाते आणि तीव्र नैराश्यासारख्या आजारांत ती अनेकदा जीव वाचवते. मात्र भूल आणि स्नायू सैल करणारे औषध न देता झटका देण्यास कायद्याने बंदी आहे. अल्पवयीन मुलांवर ती पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय वापरताही येत नाही. कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे हा गुन्हा आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ जण जळून मेले. त्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून लक्ष घातले. सक्तीने केस कापणे, सक्तीचा गणवेश आणि सक्तीचे काम यांनाही २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. काम केले तर त्याचा योग्य मोबदला मिळाला पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे.

प्रश्न : आता जिल्हा रुग्णालयातही मानसोपचारतज्ज्ञ असतात. मग इतकी मोठी जुनी मनोरुग्णालये चालवायची तरी कशाला? बरे झालेले लोकही तिथे वर्षानुवर्षे पडून असतात, असे ऐकले आहे. ती बंद करून ती जागा दुसऱ्या कामी लावावी, असे मला वाटते.
– एक वाचक, मुंबई

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग पटण्यासारखा आहे. मानसिक आजारावर सर्वसाधारण रुग्णालयात उपचार व्हावेत, ही कल्पना नवी नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्येच मानसोपचाराचा विभाग सुरू झाला होता. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ पासून जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम सुरू झाला, आणि आज बहुतेक रुग्णांना मनोरुग्णालयाची पायरी चढण्याची गरजच पडत नाही. असेच असायला हवे.

तरीही काही रुग्ण असे असतात, ज्यांना जिल्हा रुग्णालय किंवा खासगी दवाखाना ठेवून घेत नाही : हिंसक झालेला रुग्ण, न्यायालयातून पाठवलेला रुग्ण, पैसे नसलेला रुग्ण, आणि रस्त्यावर सापडलेला, नावही न सांगणारा माणूस. त्यांच्यासाठी दार उघडे ठेवणारी संस्था ही चार मनोरुग्णालयेच आहेत. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात रोज लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे, ते ती बंद करण्याची भाषा सहज करणार नाहीत. मोफत औषधासाठी दूरच्या गावांहून एसटीने येणारी माणसे त्या रांगेत असतात, आणि गोळ्या संपायच्या आत पुढची तारीख चुकू नये म्हणून मजुरी बुडवून आलेली असतात. या रुग्णालयांच्या आश्रयाने इतर कामेही उभी राहिली. येरवड्याच्या रुग्णालयात डॉक्टर असलेल्या अनिता अवचट आणि त्यांचे पती अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते त्याच रुग्णालयाच्या आवारात, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून. मनोरुग्णालय केवळ साठवणुकीची जागा असते, तर हे घडले नसते.

दुसरा भाग मात्र गंभीर आहे आणि त्यातले आपले म्हणणे खरे आहे. आजार आटोक्यात आलेले, औषधावर शांतपणे राहणारे अनेक रुग्ण घरी न्यायला कोणी नाही म्हणून कक्षातच राहिले आहेत. २०१७ च्या कायद्याच्या १९ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. अशा बऱ्या झालेल्यांसाठी राज्यांनी निवारागृहे उभारावीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही बजावले आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे नेला, आणि दहा वर्षांहून अधिक काळ दाखल असलेल्या रुग्णांचा आढावा घेण्याचे काम पुनर्विलोकन मंडळांवर आले.

हे रुग्ण तिथे कसे राहून जातात, ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा दाखल्याचा कागद काढला, तर त्यावर पत्ता असतो : ‘मु. पो. अमुक, मारुतीच्या देवळामागे’. तालुका नाही, फोनचा तर प्रश्नच नाही. दाखल करणाऱ्याने मुद्दाम अर्धवट पत्ता दिला असेल, किंवा त्याला तेवढाच ठाऊक असेल. मग समाजसेवा विभागातले लोक रुग्णाशी गप्पा मारत बसतात. गावचा आठवड्याचा बाजार कोणत्या वारी? जत्रा कोणत्या देवाची? भाकरी ज्वारीची, बाजरीची की तांदळाची? शाळेच्या वाटेवर नदी लागायची का? एखादी बाई बोलता बोलता माहेरच्या ओढ्याचे नाव सांगून जाते, तिच्या बोलीतला एखादा शब्द नेमका एका तालुक्यातला निघतो, आणि तेवढ्यावरून त्या भागातील पोलीस ठाण्याला, सरपंचाला, पोलीस पाटलाला फोन जातात. कधी तिसऱ्या फोनला सख्खा भाऊ बोलतो, ‘ती गेली असे आम्ही समजत होतो,’ म्हणून रडू लागतो, आणि दुसऱ्या दिवशी येऊन तिला घेऊन जातो. कधी पलीकडून ‘आमचे असे कोणी नाही’ एवढेच उत्तर येते, आणि आवाजावरून कळते की आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवण्याच्या ज्या कामासाठी कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याचा मोठा भाग याच चिकाटीच्या चौकशीचा आहे. कायद्याच्या १०० व्या कलमाने आता अशी व्यक्ती सापडल्यास पोलिसांनी बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करावी आणि घर शोधावे, असे सांगितले आहे. त्यामुळे निदान आज दाखल होणाऱ्यांचे कागद आधीपेक्षा पुरे असायला हवेत.

म्हणून ‘बंद करा’ म्हणण्याआधी, बाहेर पडून त्यांनी जायचे कुठे, हे सांगावे लागेल. मोठ्या कक्षांतल्या खाटा कमी कराव्यात, हे मला मान्य आहे. पण त्याआधी प्रत्येक जिल्ह्यात आठ-दहा जणांची छोटी घरे, दिवसा काम शिकवणारी केंद्रे आणि नियमित औषध देणारी व्यवस्था उभी राहिली पाहिजे. काही पाश्चात्त्य देशांत मोठी मनोरुग्णालये भराभर बंद झाली, पर्यायी सोय मागे पडली, आणि पुष्कळ रुग्ण रस्त्यावर किंवा तुरुंगात गेले. ती वाट आपण धरू नये.

जागेविषयी माझे मत ठाम आहे. रुग्णालयाच्या विस्तीर्ण आवारांकडे शहरांचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे, आणि ठाणे व मुलुंड यांच्यामधल्या नव्या रेल्वे स्थानकासाठी ठाणे मनोरुग्णालयाची काही जमीन घेण्यात आली आहे. स्थानकाची गरज मी नाकारत नाही. मात्र ही जमीन मानसिक आजार असलेल्यांसाठी राखली गेली होती. तिचा कोणताही तुकडा दुसऱ्या कामासाठी गेला, तर त्याच्या बदल्यात त्याच शहरात रुग्णांसाठी निवारागृहे उभी राहावीत, ही अपेक्षा नागरिकांनी लावून धरायला हवी. ती मागणी रुग्ण स्वतः करू शकत नाहीत.

प्रश्न : माझे काका बारा वर्षे मनोरुग्णालयात आहेत. आजोबांच्या शेतजमिनीची वारसनोंद करायची आहे. काकांचे डोके ठिकाणावर नसल्याने त्यांचा हिस्सा धरायची गरज नाही, किंवा त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घ्यावे, असे घरातले म्हणतात. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : बरोबर नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या २८ व्या कलमानुसार रोग किंवा व्यंग या कारणाने कोणाचाही वारसाहक्क जात नाही. वारसनोंदीत काकांचे नाव इतर वारसांसारखेच लागले पाहिजे. मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस विवेकशून्य ठरत नाही, तो निर्णय फक्त सक्षम न्यायालय देऊ शकते, असे २०१७ चा कायदा सांगतो. हक्कसोडपत्राचे म्हणाल, तर सही करताना त्या कागदाचा अर्थ आणि परिणाम त्यांना समजत असला पाहिजे. तसे नसताना घेतलेली सही पुढे न्यायालयात टिकणार नाही, आणि आपण सारेच अडचणीत याल. आपल्या काकांची आजची स्थिती काय आहे, हे आधी रुग्णालयात जाऊन त्यांच्या डॉक्टरांना आणि समाजसेवा अधीक्षकांना विचारा. बारा वर्षांत त्यांच्यात पुष्कळ सुधारणा झालेली असू शकते, आणि त्यांच्या हिश्शाचे उत्पन्न हाती आले तर गावी राहून औषधोपचार घेणे त्यांना परवडण्यासारखे होईल.